पाडव्याला मुका राहिलेला कॉम्प्युटर

२०२३ चा दिवाळी पाडवा. सकाळी दहाची वेळ. आमच्या हॉलमधल्या टेबलावर नवा कोरा कॉम्प्युटर मांडलेला. सासूबाईंनी त्याच्या कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं, पुढं पाच पेढे ठेवले. नारळसुद्धा वाढवणार होत्या, पण "आजी, पाणी उडेल हो!" म्हणत लेकीनं तो हातातून काढून घेतला. शेजारच्या दोघी काकू आल्या होत्या. भाऊबीजेसाठी आदल्या दिवशीच आलेली नणंद होती, तिची मुलं होती. साडेतीन मुहूर्तांतला एक. सोनं घेणं तर झालं नव्हतं, निदान बटण तरी मुहूर्तावर दाबू, असं सासूबाईंचं म्हणणं.

लेकीनं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, टिक नाही की टुक नाही. तिसऱ्यांदा दाबताना तिचा हात थरथरत होता, ते मला एवढ्या लांबूनही दिसलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "होईल हो, लाइट कमी-जास्त असेल." पेढे वाटले, मंडळी पांगली. ह्यांनी एकच वाक्य टाकलं, "मी म्हटलं होतं."

काय म्हटलं होतं ते सांगायला हवं. आमची लेक बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. जुन्या लॅपटॉपवर ती व्हिडिओ एडिटिंग शिकली आणि गावातल्या एका फोटोग्राफरनं तिला तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनचं काम देऊ केलं. लग्नाचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे, गाणी टाकायची. पण तो लॅपटॉप दोन मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास धापा टाकायचा. अशा कामाला चांगला लॅपटॉप घ्यायचा तर लाखाच्या पुढं. मग तिनं हिशेब मांडला : सुटे भाग आणून आपणच जोडले तर ५८ हजारांत काम होतं. १८ हजार तिचे, शिकवण्यांचे. ४० हजार माझे, ऑक्टोबरमध्ये लागलेल्या भिशीचे. ह्यांचं म्हणणं एवढंच होतं, की भाग आण, पण जोडायला दुकानात दे. हजार-दीड हजारांसाठी कशाला जोखीम? लेक म्हणाली, "नाही बाबा, मीच जोडणार." आणि मी तिच्या बाजूनं बोलले होते.

का बोलले, त्यालाही कारण आहे. पण ते पुढं येईल.

दुपारी तिनं दुकानात फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न, "घरात भाऊ नाहीये का? त्याला द्या फोन." मग, "तुम्हीच उघडलं, तुम्हीच जोडलं, आता वॉरंटी विसरा." लेक रडकुंडीला आली. मैत्रिणींनो, इथं एक सांगून ठेवते. सुट्या भागांच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, आणि तो भाग जोडण्यासाठीच विकलेला असतो. नुसता जोडला म्हणून वॉरंटी जात नाही. पिना वाकवल्या, काही जाळलं, तोडलं तर कंपनी हात वर करते. म्हणून बिलं आणि खोकी जपून ठेवायची. आमची सगळी खोकी दिवाणाखाली होती. पण हे त्या क्षणी माहीत नव्हतं, त्यामुळं ५८ हजार पाण्यात गेले या हिशेबानंच आम्ही दोघी बसलो होतो.

संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर मी तिला म्हटलं, "हे बघ, मिक्सर चालला नाही तर आपण काय करतो?"

"आई, हा मिक्सर आहे का?"

"अगं पण सांग तर. काय करतो?"

आधी प्लग बघतो. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघतो. मग मिक्सर उलटा करून बुडाचं ते लाल बटण दाबतो, जे जास्त लोड आला की आपोआप सुटतं. एवढं झाल्याशिवाय कुणी मिक्सर दुरुस्तीला टाकत नाही. तसंच करायचं ठरलं. बाहेरून आत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं.

दिवाळी असल्यानं सॉकेट तपासायला दिव्यांची माळ हाताशीच होती. माळ भिंतीच्या सॉकेटवर लागली, एक्स्टेन्शन बोर्डावरही लागली. म्हणजे लाइट तिथपर्यंत येत होती. कॅबिनेटला जाणारी जाड काळी वायर मॉनिटरच्या वायरीशी अदलाबदल करून पाहिली, दोन्ही सारख्याच असतात. फरक नाही.

मग लेकीनं कॅबिनेट फिरवलं. मागं, जिथं ती वायर घुसते, तो पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या नाजूक भागांना ती बारा, पाच, साडेतीनच्या आसपास अशी लहान लहान करून वाटणारा. त्याच्या पाठीवर एक छोटा काळा स्विच होता. एका बाजूला गोल, एका बाजूला उभी रेघ. स्विच गोलाकडं दाबलेला होता. "हा तर ऑनच आहे," मी म्हटलं. लेकीनं कपाळावर हात मारला. तो गोल म्हणजे ‘ऑन’मधला ओ नाही हो, ते शून्य! रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. जोडताना काळजी म्हणून तिनंच तो बंद करून ठेवला होता आणि मुहूर्ताच्या गडबडीत विसरली होती.

स्विच रेघेकडं केला. आणि आत, मदरबोर्डच्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढा एक दिवा लागला! काय सांगू, लक्ष्मीपूजनाच्या दिव्यांनी झाला नाही एवढा आनंद त्या कणीनं दिला.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की मी त्या पाठीवर दुसरंच काहीतरी शोधतेय. "अगं, ती लाल पट्टी कुठंय?"

"कुठली लाल पट्टी?"

तर मैत्रिणींनो, आता ते कारण. २००४ साली आमच्याकडं पहिला कॉम्प्युटर आला. तोही असेम्बल केलेला, दुकानातला मुलगा घरी येऊन जोडून गेला होता. मी नुकतीच एमएससीआयटीची परीक्षा पास झाले होते. घरात टायपिंगची कामं घ्यायची, असं मनात होतं. त्या दिवाळीच्या आवराआवरीत मी कॉम्प्युटर ओढून मागून-पुढून पुसला. संध्याकाळी ह्यांनी बटण दाबलं आणि धाडकन आवाज झाला. धूर, जळका वास, अख्ख्या घराचा फ्यूज गेला. दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं, मागची लाल पट्टी ११५ वर सरकली होती. झालं! पुसलं कुणी? मी. मग बिघडवलं कुणी? मीच. "बाईच्या हाती मशीन" हे वाक्य त्या घरात पुढं किती वर्षं ऐकलं, मोजलं नाही. कॉम्प्युटर नीट होऊन आला, पण मी पुन्हा त्याच्यासमोर बसले नाही. टायपिंग राहिलं ते राहिलंच.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग मोबाइलवर जुन्या एसएमपीएसचा फोटो काढून दाखवला. हीच ती पट्टी. काही देशांत घरातली वीज ११५ व्होल्टच्या आसपास असते, आपल्याकडं २३०. जुन्या डब्यांना हाताने सांगावं लागायचं की तू कुठल्या देशात आहेस. ११५ वर ठेवून आपली वीज दिली, की आत दुप्पट दाब तयार होतो आणि भाग फुटतात. आता बहुतेक चांगल्या डब्यांना ती पट्टीच नसते, ते आपलं आपण ओळखतात. पण स्वस्तातला किंवा जुना डबा असेल तर आधी बघावी. "पण आई," लेक फोटो मोठा करत म्हणाली, "ही पट्टी बघ ना. आत खोबणीत बसवलीय. फडक्यानं सरकणारच नाही ती. पेनाचं टोक नाहीतर स्क्रूड्रायव्हर घालावा लागतो."

मी फोटोकडं बघतच राहिले. दारात हे उभे होते. काही बोलले नाहीत, आत निघून गेले.

असो. कणीएवढा दिवा लागला, पण पुढचं बटण दाबलं तर पुन्हा शुकशुकाट. आता मात्र आत शिरावं लागणार होतं. आत हात घालण्याआधी वायर काढायची, मागचा स्विच बंद करायचा आणि पुढचं बटण एकदा दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कारण मागचा स्विच चालू असला की ‘बंद’ कॉम्प्युटरमध्येही पाच व्होल्टची वीज जागी असते. कणी लागते ती त्याच विजेवर. शिवाय हिवाळ्यात सिंथेटिक साडी किंवा स्वेटर अंगात असेल तर आधी पत्र्याला हात लावायचा. अंगातली ती चटका देणारी वीज रॅमला-बिमला पोचली तर ते बिचारे मुकाट्यानं मरतात. आणि एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचाच नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. त्याच्या पोटात बराच वेळ जोरदार वीज साठून राहते.

आत दोन मोठ्या तारा महत्त्वाच्या. एक २४ पिनांची, रुंद. दुसरी ८ पिनांची, वर प्रोसेसरच्या शेजारी, कोपऱ्यात अडचणीत. ही दुसरी खूप जण विसरतात म्हणे. लेक विसरली नव्हती, पण रुंदवाली पूर्ण बसली नव्हती. बरणीचं झाकण आटे न पकडता ठेवावं तशी नुसती टेकली होती. अंगठ्यानं दाबली तेव्हा ‘टक्’ झालं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं, झालंच आता! वायर लावली, बटण दाबलं. नाही.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. कॉम्प्युटरचं पुढचं बटण हा मेन स्विच नाहीच. फार पूर्वी तसं असायचं. पण १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची रचना आणली, तेव्हापासून ते बटण म्हणजे नुसती दारावरची बेल. बेल वाजली की मदरबोर्डला कळतं कुणीतरी आलंय, मग तो एसएमपीएसला सांगतो दार उघड. आता बेलच तुटली असेल तर? घरात माणसं असून दार उघडणार नाही!

बेलची तार शोधायची तर मदरबोर्डच्या खालच्या कडेला नऊ बारीक पिनांचा झुबका असतो. त्यावर बटणाची, रीसेटची आणि दिव्यांची अशा चार-पाच चिमुकल्या टोप्या लावायच्या असतात. अक्षरं इतकी बारीक, की सासूबाई पंचांग वाचायला वापरतात ते भिंग आणलं. लेकीनं सगळ्या टोप्या काढल्या आणि बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक एक क्षणभर टेकवलं. म्हणजे बटणाशिवायच बेल वाजवली. एवढं एक काम वायर लावून करावं लागतं, आणि त्याच दोन पिना आहेत याची दोनदा खात्री करून. भलत्या पिना जोडल्या तर नुकसान होऊ शकतं.

पंखा थरारला! अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा टेकवलं, पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा गप्प.

मला वाटलं, संपलं. लेक मात्र पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "आई, तो जिवंत आहे. त्याला आत कुठंतरी शॉर्ट लागतंय, म्हणून तो स्वतःच दार लावून घेतोय." चांगला एसएमपीएस असंच करतो म्हणे. कुठं तार तारेला चिकटली असं वाटलं की क्षणात वीज तोडतो, म्हणजे बाकीचं जळत नाही. मिक्सरच्या लाल बटणाचाच भाऊ म्हणा ना!

रात्रीचे अकरा वाजले होते. वायर काढली, स्क्रू काढले, मदरबोर्ड उचलून बाहेर घेतला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. पुठ्ठ्यातून वीज जात नाही. त्याच्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी. बाकी सगळं बाजूला. पुन्हा तारा लावल्या, स्क्रूड्रायव्हर टेकवला... आणि पंखा फिरायला लागला. फिरतच राहिला! मी टाळ्या वाजवणार होते, पण सासूबाई झोपल्या होत्या.

म्हणजे बोर्ड चांगला, डबा चांगला. दोष कॅबिनेटमध्ये. पण पत्र्याच्या पेटीत दोष काय असणार? लेक टॉर्च मारून बघत होती, मी भिंग घेऊन. तेवढ्यात मागून आवाज आला, "टॉर्च मी धरतो." हे. चष्मा लावून, चटईवर मांडी घालून बसले. ह्यांचं आयुष्य कापडदुकानाच्या हिशेबात गेलेलं. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बोर्डाला भोकं सहा, मग खाली खांब सात कसे?"

तेच होतं! मदरबोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून कॅबिनेटमध्ये आधी छोटे पितळी खांब बसवतात, त्यावर बोर्ड ठेवून स्क्रू लावतात. कॅबिनेटला मोठ्या बोर्डासाठीही भोकं असतात, आणि पाकिटात खांब भरपूर येतात. लेकीनं बोर्डाला भोक नव्हतं अशा जागी एक जास्तीचा खांब बसवला होता. बोर्डाच्या पाठीला झारणीचे उघडे ठिपके असतात, तो खांब खालून नेमका त्यांनाच टोचत होता. सातवा खांब काढून ह्यांनी तळहातावर घेतला. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा. ५८ हजारांचा मुहूर्त एवढ्याशानं चुकवला होता!

पुढचं भराभर झालं. बोर्ड परत बसवला. पिनांच्या झुबक्यात बटणाची टोपी एक घर सरकून बसली होती तीही सापडली. म्हणजे शॉर्ट नसता तरी बेल वाजली नसतीच. बटण दाबलं, पंखे सुरू झाले, आतले दिवे लागले. मॉनिटर मात्र काळा. पुन्हा पोटात गोळा! पण मॉनिटरची तार वरच्या, मदरबोर्डच्या खिडकीत लावली होती. आमच्यासारखं वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर ती खाली, कार्डाच्या खिडकीत लावायची. काही प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नसते, त्यामुळं वरची खिडकी आंधळीच. तिथंही चित्र येईना तर रॅमच्या पट्ट्या काढून, दोन्ही कडांनी ‘टक्’ होईपर्यंत दाबून बघायच्या. आणि डीडीआर ५ जातीची नवी रॅम असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. रॅमची ओळख करून घेणं चाललेलं असतं, तेव्हा घाबरून बंद करू नये.

आमचा पडदा एक वाजून दहा मिनिटांनी उजळला. पाढे लिहिल्यासारखी आकड्यांची एक पाटी आली, त्यात प्रोसेसरचं नाव, रॅम किती, सगळं. ह्यांनी ते मोठ्यानं वाचून बिलाशी ताडून बघितलं. सवय!

नंतर आणखी एक गोष्ट निघाली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की हलक्या झिणझिण्या यायच्या. टेस्टर लावला तर त्याचा दिवा मंद लागायचा. कॉम्प्युटरचा दोष नव्हता. आमच्या जुन्या घराच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याच्यामागं अर्थिंगची तारच नव्हती. वायरमनला बोलावून आधी ते करून घेतलं. तुमच्याकडं फ्रिज किंवा वॉशिंग मशीन असं मुंग्या आणत असेल तर तिसऱ्या भोकामागं तार आहे का, ते एकदा बघून घ्याच. तीन पिनांच्या प्लगची मोठी पीन मोडून तो दोन भोकांच्या सॉकेटात घालणारेही बघितलेत मी. ती पीन शोभेची नसते हो. लेकीनं सीझन त्याच कॉम्प्युटरवर काढला. सात लग्नं.

तर दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी सगळे फराळाला बसलेले. नणंदेचा थोरला मुलगा, आता सत्तावीस वर्षांचा, इंजिनीअर. रात्री काय काय झालं ते लेक त्याला रंगवून सांगत होती. बोलता बोलता ११५ ची लाल पट्टी निघाली. तो एकदम म्हणाला, "अरे, ती पट्टी! मामी, मी लहान असताना तुमच्याकडंच होती ना? मला वाटायचं ते स्पीडचं बटण आहे. एकदा बॉलपेननं सरकवली होती मी, गेम फास्ट पळावी म्हणून." आणि हसायला लागला.

टेबलावर कुणीच हसलं नाही. २००४ ते २०२३. एकोणीस वर्षं.

आता भाऊबीजेच्या दिवशी भाच्याला काय बोलणार? आठ वर्षांचं पोर होतं ते तेव्हा. मी त्याला आणखी एक करंजी वाढली. ह्यांच्याकडं मात्र बघितलं. ते मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे निवडत होते.